चष्म्यातल्या घरालाही टेप लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हल्ली दर आठवड्याला एक तरी पानभर जाहिरात असते. डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा, काळा चष्मा चढवलेलं हसरं जोडपं आणि वर ठळक अक्षरांत, पाया भरायच्या आधीच तुमच्या घरात फिरून या. मी ३८ वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिलचा कोर्स, मग टी-स्क्वेअर, ट्रेसिंग, रोट्रिंगची पेनं, अमोनियाच्या प्रिंटा आणि शेवटची वीसेक वर्षं संगणक. त्यामुळे या चष्म्याबद्दल माझ्यासारख्यानं बोलायला हवं, असं मनापासून वाटलं म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण कापायचं झालंच तर माझ्या घरची हकिगत कापू नका.

आधी हे सांगतो की मी या तंत्राच्या बाजूचा आहे. प्लॅन वाचता येणं ही आमची विद्या, आणि ती आम्ही गिऱ्हाइकाला कधी देऊ शकलो नाही. ३.०५ गुणिले ३.३५ असं कागदावर लिहिलेलं वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे खोली उभी राहते? आमच्या आज्यांकडे त्यासाठी शब्द होता, खण. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच फूट. सोपा पाच खणी आहे म्हटलं की ऐकणाऱ्याला पंगत किती बसेल, पाळणा कुठे टांगता येईल, सगळं कळायचं. वाडे गेले, खण गेले, आणि त्यांच्या जागी चौरस फूट आले. चौरस फुटात भाव कळतो, पण खोली कळत नाही.

माझ्या पत्नीला मी संसारभर एकही प्लॅन नीट समजावून सांगू शकलो नव्हतो. पाच वर्षांपूर्वी मुलानं शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिला, तेव्हा बिल्डरच्या विक्री कार्यालयात आम्हा सगळ्यांना तो चष्मा लावून दाखवला. पत्नीनं चष्मा लावला, स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि पहिलं वाक्य बोलली, "अहो, फ्रिज इथे ठेवला तर त्याचं दार उघडून मी उभी कुठे राहू?" तोच प्लॅन मी आठ दिवस टेबलावर पसरून बसलो होतो. मला ते दिसलं नव्हतं. तिथल्या तिथे फ्रिजचा पॉइंट समोरच्या भिंतीवर घ्यायचं ठरलं. आयुष्यभर नकाशे काढणाऱ्याला हे मान्य करायला हवं की त्या दोन मिनिटांत माझी पत्नी माझ्यापेक्षा चांगली नकाशा वाचत होती.

मग आईची पाळी आली. आई तेव्हा ८८ वर्षांची, चाकांच्या खुर्चीत. चष्मा लावल्यावर क्षणभर गप्प राहिली, मग खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून म्हणाली, "अरे, मी उभी आहे!" तिनं मान फिरवून गॅलरीतून समोरची टेकडी पाहिली, खालचा बगीचा पाहिला. किती वर्षांनी असं वरून बघतेय, म्हणाली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ड्राफ्ट्समन म्हणून मी त्या वाक्याकडे लक्ष द्यायला हवं होतं. खुर्चीत बसलेल्या बाईला आपण उभे आहोत असं वाटतंय, याचा अर्थ ती स्वतःच्या डोळ्यांनी बघतच नव्हती.

हे तंत्र ज्यांनी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चष्मे दोन तऱ्हेचे असतात. एकात आधीच तयार केलेलं गोल चित्र असतं. तुम्ही मान फिरवली की चित्राचा तो तो भाग दिसतो, पण वाकलात, बसलात, पाऊल पुढे टाकलंत तरी दृश्य जागचं हलत नाही. ज्यानं चित्र केलं त्यानं नजरेची उंची एकदा ठरवली की सगळ्या जगानं त्याच उंचीवरून बघायचं. दुसऱ्या तऱ्हेत चष्म्याला तुमचं डोकं जमिनीपासून किती उंचीवर आहे ते कळतं. बसलात की ओटा वर येतो, वाकलात की टेबलाखालचं दिसतं. विक्री कार्यालयात होता तो पहिल्या तऱ्हेचा. नजर साडेपाच फुटांवर बांधलेली. आईची खुर्चीतली नजर पावणेचार फुटांवर.

ताबा मिळाला आणि आम्ही राहायला गेलो. गॅलरीचा कठडा साडेतीन फुटी भरीव भिंतीचा, त्यावर स्टीलचा आडवा पाइप. आईला खुर्चीतून दिसते ती भिंत, पाइप आणि वर आभाळाची पट्टी. टेकडी आहे तिथेच आहे, ती फक्त उभ्या माणसाला दिसते.

त्याहून वाईट न्हाणीघराचं झालं. दाराची चौकट नकाशात अडीच फुटी. चौकटीची जाडी आणि उघडलेल्या फळीची जाडी वजा जाता मोकळी जागा दोन फूट दोन इंच. आईची खुर्ची चाकांबाहेरच्या, हातानं ढकलायच्या कड्या धरून दोन फूट एक इंच. सरळ रेषेत आली असती तर कशीबशी आत गेली असती. पण दार तीन फुटी पॅसेजच्या बाजूच्या भिंतीत, म्हणजे तिथे खुर्ची काटकोनात वळवायला लागते, आणि चाकांची खुर्ची जागच्या जागी वळायला पाच फुटांचं वर्तुळ मोकळं हवं. दीड वर्ष आम्ही आईचं अंग खोलीतच ओल्या पंचानं पुसत होतो. शेवटी भिंत फोडून दार मोठं केलं तेव्हा तिला पहिल्यांदा त्या घरात डोक्यावरून पाणी घेता आलं.

करारातल्या नकाशात मापं खरी होती. कुणी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. चूक माझी आहेच, मी टेप घेऊन बसायला हवं होतं. पण चष्म्यातल्या त्या घरात न्हाणीघराच्या दाराला फळीच नव्हती, नुसती मोकळी चौकट होती. आणि चष्म्यात माणसाला अंग नसतं. खांदे नसतात, कोपर नसतात, खुर्चीची चाकं नसतात. नुसती नजर तरंगत जाते आणि नजर कुठल्याही फटीतून जाते.

नंतर मी त्या सफरीची फोनवर पाठवलेली चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. बेडरूमच्या फरश्या मोजल्या. खोली अकरा फूट, फरश्या साडेपाच, म्हणजे फरशी दोन फुटी, हे बरोबर. आता पलंग. लांबीला अडीच फरश्या. म्हणजे पाच फूट. बाजारात सव्वासहा फुटांपेक्षा आखूड पलंग मोठ्या माणसासाठी कुणी करत नाही. खोलीला हात न लावता सामान लहान केलं की खोली आपोआप मोठी दिसते. कपाटं नव्हतीच. बैठकीच्या कोपऱ्यातला नऊ इंच बाहेर आलेला कॉलमही नव्हता.

याउलट माझ्या पुतणीनं केलेली एक गोष्ट सांगतो. ती आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. १९८४ साली कोर्स चालू असताना मी आणि दोन मित्रांनी कसबा पेठेतला एक दोन चौकी वाडा मोजला होता. शंभर फुटी कापडी टेप, ओळंबा आणि वहीतले आकडे, एवढंच सामान. बारा दिवस लागले. वाडा १९९६ मध्ये उतरवला, तिथे आता चार मजली इमारत आहे. माझी शीटं मात्र राहिली. पुतणीनं सुटीत ती शीटं संगणकात चढवून तो वाडा पुन्हा उभा केला आणि कॉलेजमधला चष्मा आणून माझ्या डोळ्यांवर चढवला. हा दुसऱ्या तऱ्हेचा, डोक्याची उंची ओळखणारा.

मी दिंडी दरवाज्यातून आत जाताना मान खाली घातली. तिथे डोक्याला लागेल असं काहीच नव्हतं, समोर आमच्याच घराची बैठक होती, तरी मान खाली गेली. चौक ओलांडला, सोप्यावर चढलो, सुरूच्या खांबांमधून ओटीवर आलो. मग माजघरात गेलो आणि थांबलो. माजघर दुकानासारखं झगझगीत होतं. मी म्हटलं, "पोरी, माजघरात असा उजेड नसतो." तिनं सगळे दिवे काढले. मागच्या भिंतीत माळ्याजवळ एक झरोका होता, तो माझ्या शीटवर होता, पण तिला तो खुंटीसारखा काहीतरी वाटला होता. तो उघडला, दुपारचे चार वाजवले. उजेडाची एक तिरपी पट्टी जमिनीवर पडली आणि बाकीचं माजघर तिच्या आधारानं हळूहळू दिसायला लागलं. बाळंतिणीची खाट तिथे का ठेवत, उन्हाळ्यात सगळं घर दुपारी तिथे का आडवं होत असे, हे वाडा कधी न पाहिलेल्या माझ्या पुतणीला त्या पट्टीनं सांगितलं.

मग ती म्हणाली, "काका, तुमचा जिना वर पोचतच नाही."

खरंच नव्हता पोचत. भिंतीच्या जाडीत बसवलेला तो अरुंद जिना मी चढत गेलो आणि शेवटच्या पायरीवर उभं राहिल्यावर वरच्या मजल्याची जमीन माझ्या पावलापासून नऊ इंच वर राहिली. आम्ही शीटं काढली. प्लॅनमध्ये पायऱ्या अकरा, प्रत्येक नऊ इंची. म्हणजे सव्वाआठ फूट. सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या नकाशात, जमिनीपासून जमिनीपर्यंत नऊ फूट. दोन्ही माझ्याच हातची. प्लॅन एका शीटवर, सेक्शन दुसऱ्या शीटवर, आणि चाळीस वर्षांत ना परीक्षकाला, ना मला, कुणालाच ही एक पायरी कमी आहे ते दिसलं नाही. वाडा पाडलेला, आता जाऊन मोजायचं कुठे? मग आठवलं. जिन्याच्या तोंडाशी तळाची पायरी दगडी होती, तिच्यावर त्या घरचं तांब्याचं घंगाळ ठेवलेलं असायचं. आम्ही लाकडी पायऱ्या मोजल्या. घंगाळाखालची राहिली.

संपादक महाराज, हा चष्मा काय करू शकतो ते मला तिथे कळलं. मापावर उभं केलेलं घर असेल तर तो इतका कडक परीक्षक आहे की नऊ इंचांची चूक पायाला लागते. आणि मापावर उभं केलेलं नसेल तर तो पाच फुटी पलंगही गळ्यात घालतो. यंत्र एकच, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच सुंदर दिसतात. मापात केलेली खोलीसुद्धा चष्म्यातून प्रत्यक्षापेक्षा जवळ, म्हणजे आखूड वाटते, हे या विषयाचे अभ्यासक बऱ्याच वर्षांपासून सांगत आले आहेत. म्हणूनच अशा प्रत्येक सफरीत आकडा दिसायलाच हवा, नुसत्या नजरेवर सोडून चालणार नाही.

घर विकणाऱ्यांसाठी कायदा आहे. २०१६च्या रेरा कायद्याचं कलम १२ म्हणतं की जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका पाहून कुणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून त्याचं नुकसान झालं, तर त्याला भरपाई मिळाली पाहिजे. चष्म्यातली सफर ही आजची नमुना सदनिकाच आहे. तिचं नाव नियमांत स्पष्ट घाला, आणि सफरीत दारांना फळ्या, भिंतींना जाडी, सामानाला खरी मापं आणि नजरेची उंची बदलायची सोय सक्तीची करा. खुर्चीत बसलेल्या माणसाला खुर्चीतून घर पाहता आलं पाहिजे. एवढं त्या विक्री कार्यालयात असतं तर आईची दीड वर्षं वाचली असती.

पण माझ्या मनात याहून मोठी काळजी शनिवारवाड्याची आहे. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतलं लाकडी काम गेलं. तट, दिल्ली दरवाजा, वरचा नगारखाना आणि आत जोती राहिली. सुटीत आलेली मुलं दिल्ली दरवाज्यातून छाती फुगवून आत शिरतात आणि दहा मिनिटांत विचारतात, वाडा कुठे आहे? आईवडील हिरवळीकडे बोट दाखवतात. अशा जागेसाठी फोन समोर धरून बघायचं ते दुसरं तंत्र, ज्यात खरं जोतं दिसतं आणि त्याच्यावर नसलेला खांब उभा राहतो, ते अगदी योग्य आहे. कुणीतरी ते करेलच, आणि झालं पाहिजे.

फक्त कसं, हे आधी ठरवा. जोत्यावरून दालनाची लांबी-रुंदी कळते. खांबाच्या बैठकीचा दगड जागेवर असेल तर खांबाची जागा कळते. उंची कळत नाही. वाडा सात मजली होता असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण चष्म्यात सात मजले चढवताना प्रत्येक मजला किती फुटी हे कुणाला तरी ठरवावंच लागेल, आणि ते कशावरून ठरवलं हे सांगावं लागेल. वाड्यातल्या गणेश दरबाराचं एक चित्र आहे, १७९० साली सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रजांचा पुण्यातला प्रतिनिधी मॅलेट यानं तह केला त्या प्रसंगाचं. ते थॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये पुरं केलं, जेम्स वेल्सनं केलेल्या रेखाटनांवरून, आणि वेल्स १७९५ मध्येच वारला होता. मोलाचं चित्र आहे, पण चित्रकार टेप लावून बसत नाही. राजाचा दरबार काढताना छत थोडं वर जातंच.

म्हणून माझं म्हणणं असं की जे दगडात आहे ते दगडाच्या रंगात दाखवा, जे कागदपत्रांवरून किंवा चित्रावरून आहे ते दुसऱ्या फिक्या रंगात दाखवा, आणि जे निव्वळ अंदाजानं आहे ते नुसत्या रेषांत ठेवा. ही काही माझी कल्पना नाही. संगणकावर वारसा उभा करणाऱ्यांनी पुरावा आणि तर्क वेगळे दिसू द्यावेत, असं २००९च्या लंडन चार्टरमध्ये जगभरच्या जाणकारांनी लिहून ठेवलंय. पुस्तकातलं चूक वाक्य पुढच्या आवृत्तीत सुधारता येतं. दहा वर्षांचं पोर ज्या दरबारात उभं राहून आलं तो दरबार त्याच्यासाठी पाहिलेला असतो, आणि पाहिलेलं कुणी सहज विसरत नाही.

आणि पडलेला वाडा उभा करायच्या आधी उभे आहेत ते मोजून घ्या. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये अँड्र्यू टॅलन नावाच्या प्राध्यापकानं २०१० च्या सुमारास लेसरनं अब्जावर बिंदू टिपून ठेवले होते. २०१८ मध्ये तो गेला, १५ एप्रिल २०१९ ला छत जळालं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं. त्या कामात त्याची मोजणी हाताशी होती. आपल्या शंभराच्या नोटेवर छापलेली गुजरातेतल्या पाटणची राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर २०११ मध्ये स्कॉटलंडच्या तुकडीनं पुरातत्त्व खात्याबरोबर अशीच मोजली. मग विश्रामबागवाडा, नानावाडा आणि पेठांमधले बिननावाचे वाडे का नाहीत?

मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. मी भाड्याच्या दोन खणांत वाढलो आहे. सामाईक संडासाची रांग, दर पावसाळ्यात तुळईखाली लावलेले टेकू आणि दारावर चिकटवलेली धोकादायक इमारतीची नोटीस, हे मी पाहिलंय. तिथे राहणाऱ्यांना नवं घर मिळालंच पाहिजे. पण वाडा उतरवायची परवानगी देताना पालिकेनं एक अट घालावी. आधी त्याची पूर्ण मोजणी करून बिंदूंची फाइल आणि मापाचे नकाशे सार्वजनिक दप्तरात जमा करावेत. महागड्या फोनमध्ये आता लायडार, म्हणजे लेसरनं अंतर मोजणारा भाग, असतो, तो पाच मीटरपर्यंत मोजतो. माजघराला तेवढा पुरतो. चौकाला आणि दर्शनी भागाला मोठं यंत्र लागेल. सोबत टेपनं काही लांब्या पडताळून घ्याव्यात आणि त्या घरात वाढलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला शेजारी बसवावं, कारण माजघरात उजेड किती होता हे यंत्राला त्या दिवशीपुरतंच कळतं. पुण्यात आर्किटेक्चरची इतकी महाविद्यालयं आहेत, दरवर्षी मुलांना मोजणीचा अभ्यास असतोच.

माझ्याकडे पत्र्याच्या नळीत नऊ वाड्यांची शीटं आहेत. त्यातले सहा वाडे आता नाहीत. ज्या महाविद्यालयाला हवी असतील त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं, मी स्वतः घेऊन येईन, फक्त मूळ शीटं परत द्यावीत. कसब्यातल्या वाड्याच्या प्लॅनवर जिन्याच्या तोंडाशी ती बारावी पायरी मी लाल पेन्सिलनं काढली आहे आणि शेजारी लिहिलंय, दगडी, वर घंगाळ.

आपला नम्र,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, पुणे